रात्री पावणेबाराला दिलेलं एक उत्तर आणि ४.६ चं ४.४

भरीतवाला_जळगाव

मंडळी, वर्षभर इथे नुसतं वाचत आलो. आज पहिल्यांदा लिहितोय, तेही तोंड पोळल्यावर.

भुसावळ रस्त्याला माझं छोटं भरीत सेंटर आहे. वडिलांनी चालू केलेलं, सात टेबलं. पोराने गूगल मॅपवर नाव टाकून दिलं, त्यानंतर मी त्याच्याकडे लक्षही दिलं नव्हतं. लोकच लिहीत गेले. २१२ रिव्ह्यू, ४.६ तारे. अजिंठ्याला जाणारी माणसं, लग्नाला आलेली पुण्या-मुंबईची मंडळी मोबाइलवर बघून गाडी वळवतात, हे मला गेल्या दोन हिवाळ्यांत कळलं.

गेल्या शनिवारी एका रात्रीत १४ जणांनी एक-एक तारा दिला. बहुतेकांत एक अक्षर नाही. दोघांनी "बेकार" लिहिलं, एकाने "किडकी वांगी". ४.६ चं ४.४ झालं.

त्या रात्री बडगी-मुसळ (भरीत कुटायचं लाकडी साधन) धुऊन ठेवलं, हाताला वांगी भाजायच्या काड्यांच्या धुराचा वास, अंग मोडून आलेलं, आणि मी मोबाइल घेऊन बसलो. चौदात एकच जरा लांब रिव्ह्यू होता: पुऱ्या गार होत्या, दोनदा सांगून बदलल्या नाहीत, गल्ल्यावरचा माणूस उद्धट बोलला. मला वाटलं हाच टोळीचा म्होरक्या. पावणेबाराला उत्तर ठोकलं. लपवून काय उपयोग, जसंच्या तसं देतो: "फुकट्या, तू आलाच नाहीस. दुसऱ्याच्या सांगण्यावरून भुंकतोस. हिंमत असेल तर समोर ये, वांग्याबरोबर तुझंही भरीत करतो."

सकाळी सातला उठलो तर त्याचा स्क्रीनशॉट तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्यातला एक सासुरवाडीचा, पाचोऱ्याचा! उत्तर लगेच पुसलं, पण ग्रुपवरचं कोण पुसणार?

आता हे चौदा रिव्ह्यू काढता येतात का? केस करता येते का? आणि एक जण सांगतोय, ६००० रुपयांत २०० पाच-तारे आणून देतो. घेऊ का? हे कोणाचं काम आहे तेही मला माहीत आहे. रस्त्यापलीकडच्या (नाव काढले - प्रशासक)

प्रशासक

पुरावा नसताना इथे कोणाच्याही दुकानाचं नाव नको. बाकी धागा चालू द्या.

पारावरचा

आरे भाऊ, रातना बारा वाजता कोनले उत्तर देवानं नही. रातले मानूस नही, त्याना थकवा बोलस. आनि भरीत खावाले आमले बी बलाव.

संगणकवाला_चाळीसगाव

भाऊ, आधी ते ६००० रुपये खिशातच ठेवा. मी या भागातल्या वीस-पंचवीस दुकानांचं गूगलवरचं काम बघतो, हा प्रकार डोळ्यांनी पाहिलाय. एका शेव-भाजीवाल्याने असेच विकत घेतले. आठ दिवसांत दीडशे कौतुकं, सगळी परराज्यातली, आणि एकात लिहिलेलं "केस छान कापले". लोक अजून हसतात त्याला. गूगलला पत्ता लागला की खोटे रिव्ह्यू तर जातातच, वर प्रोफाइलवर निर्बंध येऊ शकतात: काही काळ नवे रिव्ह्यू बंद, जुने झाकलेले, आणि खोटे रिव्ह्यू काढल्याची सूचना गिऱ्हाइकाला दिसेल अशी. "रिव्ह्यू दिला तर एक पुरी फुकट" हेसुद्धा नियमात बसत नाही. बिल देताना "आवडलं असेल तर लिहा" एवढं म्हणायला हरकत नाही.

आता चौदांचं. मालकाला रिव्ह्यू पुसता येत नाही. फक्त तक्रार करता येते, आणि "मला पटत नाही" या कारणावर गूगल काही काढत नाही. खोटा अनुभव, शिवीगाळ, विषयाशी संबंध नसलेला मजकूर, धंद्यातल्या स्पर्धकाने लिहिलेलं, असं नियमात बसणारं कारण लागतं. रिव्ह्यूच्या शेजारी तीन टिंबं आहेत, तिथून एकेकाची तक्रार करा. काही दिवस जातात. मग रिव्ह्यूच्या व्यवस्थापनाचं एक पान आहे, तिथे स्थिती दिसते आणि नाकारलं असेल तर अपील करता येतं. अपील एकदाच, म्हणून त्यात रडगाणं लिहू नका. "चौदा खाती, एकाच रात्री, बहुतेकांचा दुसरा एकही रिव्ह्यू नाही" एवढंच लिहा.

आणि हिशेब सांगतो, कारण घाबरून माणूस चुकीचं करतो. २१२ वर ४.६ होतं, त्यात १४ एक-तारे मिळाले की सरासरी ४.३८ येते, म्हणून ४.४ दिसतं. ४.५ दिसायला साधारण तीस खरे पाच-तारे लागतील. परत ४.६ दिसायला सत्त्याऐंशी. सिझन चालू आहे, तीस काय लांब नाहीत.

केळीबाग_रावेर

आमच्याकडे हे रिव्ह्यूच्या आधीपासून आहे, फक्त तारे नव्हते. माझा मोठा भाऊ शेतकऱ्यांकडून केळी विकत घेतो, रावेर-सावदा पट्ट्यात. तीन वर्षांपूर्वी ऐन कांदेबागेच्या (हा केळीचाच एक हंगाम) कटाईत एक आवाजाची क्लिप फिरली, "याने शेतकऱ्यांचे पैसे बुडवले, माल देऊ नका". झालं होतं असं की बँकेला लागून सुट्ट्या आल्या आणि पाच जणांचे पैसे चार दिवस उशिरा गेले. क्लिप बऱ्हाणपूरपर्यंत पोचली.

भाऊही असाच चिडला होता. पण त्याच्याकडे प्रत्येक गाडीची पट्टी होती: घडांचं वजन, भाव, तारीख, पैसे कधी गेले. वडिलांची सवय. त्याने भांडण न करता त्या पाच जणांकडेच एकेक चक्कर मारली. त्यांतल्या दोघांनी आपणहून आवाज रेकॉर्ड करून टाकला की पैसे आले, व्याजाचंही विचारलं होतं. त्यावर विषय संपला. भाऊ स्वतः बोलला असता तर कोणी ऐकलं असतं असं मला वाटत नाही.

तुमच्याकडे अशी पट्टी आहे का? म्हणजे त्या शनिवारी कोण आलं, कोणी ऑनलाइन पैसे दिले?

वकील_धुळे

केसचं विचारलंत म्हणून. बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पासून. आधी भारतीय दंड संहितेत ४९९-५०० होतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. पण हा अदखलपात्र गुन्हा आहे, पोलीस थेट गुन्हा नोंदवून कोणाला उचलून आणणार नाहीत. तक्रार घेऊन कोर्टात जायचं, तारखा मोजायच्या. आणि खरी गोष्ट लोकहितासाठी सांगितली असेल तर ती बदनामी होत नाही. पुऱ्या गार असतील तर "पुऱ्या गार होत्या" हे लिहिणं गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

कोणी म्हणेल आयटी कायद्याचं ६६-अ लावा, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराचं. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. त्या प्रकरणाची सुरुवात आपल्याच राज्यात झाली होती, २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली तिथून. अजूनही लोक ते कलम घेऊन ऑफिसात येतात.

एक किस्सा अशिलांना नेहमी ऐकवतो. २००३ मध्ये बार्बरा स्ट्रायसँड या अमेरिकी गायिकेने आपल्या समुद्राकाठच्या घराचा फोटो संकेतस्थळावरून काढायला ५ कोटी डॉलरचा दावा लावला. तोवर तो फोटो सहा वेळा डाउनलोड झाला होता, त्यातले दोनदा तिच्याच वकिलांनी! दाव्याची बातमी झाली आणि पुढच्या महिन्यात चार लाखांवर लोक बघून गेले. दावा हरली ती निराळंच.

आणि भाऊ, तुम्ही इथे पलीकडच्या दुकानाचं नाव लिहिलंत ना, ते प्रशासकांनी काढलं म्हणून बरं. पुरावा नसताना ३५६ तुमच्यावरच फिरलं असतं. "समोर ये, भरीत करतो" ही तर धमकी म्हणूनही वाचता येते. विनोद कोर्टात विनोद राहत नाही.

नोकरी_शोधतोय

थोडं विषयांतर, माफ करा. तुमचे निदान तारे तरी आहेत. माझं कॉलेजचं फेसबुक म्हणजे चारचौघांत न सांगण्यासारखं आहे. "दादांचा कट्टर कार्यकर्ता", बुलेटवर गॉगल, कोणाच्या तरी पोस्टखाली आईवरून शिव्या. मुलाखतीत बाईंनी शांतपणे विचारलं, "हे तुम्हीच का?" मी म्हटलं हॅक झालं होतं. त्या हसल्या. नोकरी गेली.

संगणकवाला_चाळीसगाव

@नोकरी_शोधतोय, फेसबुकच्या सेटिंगमध्ये जुन्या सगळ्या पोस्ट एकदम फक्त मित्रांपुरत्या करायची सोय आहे. ते आज करा. दुसऱ्यांच्या पोस्टखाली केलेल्या शिव्या मात्र त्याने जात नाहीत, त्या ॲक्टिव्हिटी लॉगमधून शोधून काढाव्या लागतील. बसा एक रविवार. काढल्यावरही गूगलच्या शोधात जुनं दिसत राहिलं तर गूगलकडे जुना झालेला मजकूर ताजा करून घ्यायचं साधन आहे, त्यात दुवा टाका. आणि "हॅक झालं होतं" परत म्हणू नका. "एकोणीस वर्षांचा होतो, चुकलो" हे ऐकायला लोक तयार असतात.

तापीकाठची

याच धाग्यात विचारते. माझ्या मामेबहिणीच्या नावाने कोणीतरी इन्स्टाग्रामवर खोटं खातं काढलंय, फोटो तिचेच, काही बदललेले. शहाद्याजवळचं गाव, ती घराबाहेर पडत नाहीये. मामा म्हणतात गवगवा नको, आपोआप थांबेल.

वकील_धुळे

ताई, आपोआप थांबत नाही. मामांना समजावा, यात मुलीची काहीच चूक नाही. तिला आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढायला सांगा, खात्याचा दुवा आणि तारीख दिसेल असे. मग इन्स्टाग्रामवरच तोतयेगिरीची तक्रार. २०२१ चे आयटी नियम आले तेव्हाच अशा फोटोंची आणि तोतयेगिरीची तक्रार आल्यावर २४ तासांत काढायची मुदत कंपन्यांवर घातली गेली. केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिलांविषयीच्या तक्रारीत नाव न देताही नोंद करता येते, पण शक्य असेल तर नाव देऊन करा, पाठपुरावा होतो. आयटी कायद्याचं ६६-क (ओळखचोरी) आणि ६६-ड (तोतयेगिरीने फसवणूक) इथे लागू शकतं. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीचा आहे, तिथे वेळ घालवू नका. जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे जा.

संगणकवाला_चाळीसगाव

फोटो खाजगी प्रकारचे असतील आणि ती १८ च्या वरची असेल तर स्टॉप एनसीआयआय म्हणून सोय आहे. फोटो तिच्याच मोबाइलमध्ये राहतो, त्याचा फक्त एक सांकेतिक ठसा कंपन्यांकडे जातो. त्यावरून जुळणारे फोटो ते अडवतात.

तापीकाठची

धन्यवाद दोघांना. स्क्रीनशॉट काढलेत. उद्या मी स्वतः तिच्याबरोबर नंदुरबारला जातेय.

जुनीमास्तरीण_अमळनेर

भरीतवाले दादा, सगळ्यांनी तारे काढायचं सांगितलं. मी छत्तीस वर्षं पेपर तपासले, म्हणून एक विचारते. चौदाच्या चौदा खोटे कशावरून? तेरा जणांनी काही लिहिलं नाही किंवा एक-दोन शब्द लिहिले. कॉपी करणारी पोरं असंच करतात. चौदाव्याने पुऱ्या, दोनदा सांगणं, गल्ला, असं बारीक लिहिलंय. खोटं बोलणारा सहसा एवढे कष्ट घेत नाही. त्याचं खातं उघडून बघितलंत का?

भरीतवाला_जळगाव

बाई, नव्हतं बघितलं. काल रात्री बघितलं.

त्या खात्यावर ३१ रिव्ह्यू आहेत. पद्मालयाचं देऊळ, एरंडोलचा पेट्रोल पंप, एक दातांचा दवाखाना, सगळीकडे नीट लिहिलेलं. दातवाल्याला पाच तारे आहेत. माझ्याकडच्या रिव्ह्यूला एक फोटोही होता, तो मी त्या रात्री उघडलाच नाही. मोठा करून बघितला. ताट, भरीत, कांद्याची पात, चार पुऱ्या बसलेल्या. आणि ताटाच्या कडेला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव. आईचं. तिच्या लग्नातली सहा ताटं आहेत, गर्दी झाली की आम्ही तीही काढतो.

म्हणजे ताट आमचंच. मग ऑनलाइन पैशांची यादी चाळली. दुपारी सव्वादोनला ३४० रुपये, नाव तेच. बाईमाणूस आहे. मी "फुकट्या" म्हणालो.

गल्ल्यावर त्या दिवशी कोण होतं तेही कळलं. मीच होतो. पुरीवाला आला नव्हता, पुऱ्या मी सकाळीच तळून झाकून ठेवल्या होत्या.

पारावरचा

भाऊ, आते मी काही बोलत नही.

केळीबाग_रावेर

लिहिलंत हे मोठं केलंत. आता तिथेच, त्याच रिव्ह्यूखाली उत्तर द्या. तुम्ही उत्तर दिलं की तिला सूचना जाते.

भरीतवाला_जळगाव

हे लिहिलंय, टाकू का? "नमस्कार ताई. आपल्याला त्रास झाला त्याबद्दल दिलगीर आहोत. पण त्या दिवशी गर्दी फार होती आणि आमचा कारागीर आजारी होता. आमच्यावर त्या रात्री खोट्या रिव्ह्यूंचा हल्ला झाल्याने गैरसमजातून उत्तर गेलं. पुन्हा अवश्य या, आपल्याला भरीत मोफत."

जुनीमास्तरीण_अमळनेर

लाल पेन घेते. "दिलगीर आहोत" काढा, हे बसस्थानकावरच्या फळ्यावरचं मराठी आहे. "पण" काढा, पणच्या पुढचं सगळंच काढा. तिला तुमच्या कारागिराचं काय करायचंय? हल्ल्याचंही काढा, तो तिने केला नव्हता. मोफत भरीत तर मुळीच नको. ती म्हणेल तोंड बंद करायला वाटी पाठवली. आणि कोण चुकलं ते लिहा. "गैरसमजातून उत्तर गेलं" म्हणजे काय, ते पाय फुटून गेलं?

संगणकवाला_चाळीसगाव

बाई बरोबर बोलतायत. मोफतचं तर गूगलच्या नियमातही अडकेल, रिव्ह्यू बदलायची लालूच धरली जाते. आणि लहान ठेवा. ते उत्तर तिच्यापेक्षा पुढचे शंभर लोक वाचणार आहेत.

भरीतवाला_जळगाव

हे टाकलं: "ताई, तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. पुऱ्या सकाळच्या होत्या आणि गल्ल्यावर मीच होतो. रात्री दिलेलं उत्तरही मीच लिहिलं, ते चूक होतं. माफ करा. आता पुरी ताटात येईल तेव्हाच कढईतून निघते."

शेवटचं वाक्य लिहिण्याआधी दोन दिवस तसं करून बघितलं. जमतंय. गिऱ्हाईक पाच मिनिटं थांबतं, कुरकुरत नाही.

वकील_धुळे

आता एक बाब. ज्या ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरला तिथे हे उत्तर स्वतः टाकू नका. पाचोऱ्यातलं कोणी टाकेल तर टाको.

भरीतवाला_जळगाव

अकरा दिवसांनी येतोय, सिझनमुळे वेळ नव्हता.

उरलेल्या १३ ची तक्रार केली होती. पहिल्या फेरीत ६ गेले, अपिलात आणखी ३. चार अजून तसेच आहेत, "किडकी वांगी"वालाही त्यातच. मधे एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला, "५००० पाठवा, बाकीचे काढतो". संगणकवाल्या दादांना विचारलं, त्यांनी सांगितलं की रिव्ह्यूवरून खंडणी मागणाऱ्यांसाठी गूगलचा वेगळा फॉर्म आहे. मेसेजचा स्क्रीनशॉट त्यात भरला. पैसे पाठवले नाहीत. म्हणजे पलीकडच्या दुकानदाराचा यात काही हात होता की नाही, मला आता खात्री नाही. तो परवा माझ्याकडून काड्या उसन्या घेऊन गेला, त्याच्याकडच्या भिजल्या होत्या.

सध्या ४.५ दिसतं. त्या ताईंनी तारा बदललेला नाही. काही लिहिलंही नाही. माझं उत्तर तिथे आहे.

सासरे म्हणाले, ग्रुपवर आता दुसऱ्याच कोणाचा तरी व्हिडिओ चालू आहे.

जुनीमास्तरीण_अमळनेर

तारा राहू द्या. सात टेबलांचं दुकान आहे, एक तक्रार खरी असलेली बरी दिसते.

तापीकाठची

खोटं खातं गेलं. कोण होता तेही कळलं, गावातलाच. पुढचं पोलीस बघतायत, इथे जास्त लिहीत नाही. बहीण कालपासून क्लासला जातेय.

पारावरचा

भाऊ, पत्ता तर सांग आते. वांगी बामणोदनी शेत का?

भरीतवाला_जळगाव

पत्ता इथे टाकला तर प्रशासक जाहिरात म्हणून उडवतील. वांगी बामणोदचीच. येताना फोन करा, पुऱ्या त्यानंतर लाटायला घेतो.